कॅमेरा कपाटातच राहतो, काय करू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चोपड्याला राहता, शाळेत शिक्षक आहात, सोनी ए६४०० कॅमेरा आणि त्यासोबतची १६-५० मिमीची किट लेन्स घेतली. तोरणमाळ झालं, पाटणादेवी झाली, पद्मालय झालं. आता कॅमेरा कपाटात आहे. गावात रोज फोटो काढण्यासारखं काही दिसत नाही, आणि काढले तरी फोनपेक्षा वेगळे येत नाहीत. मग ५५-२१० ची झूम घेतली तर मजा येईल का?

सर, झूम सध्या घेऊ नका. धुळ्यात माझं स्टुडिओचं काम आहे, लग्नसराईत दोन-दोन मोठे कॅमेरे खांद्याला असतात, आणि भाजी आणायला निघालो की हातात तुमच्यासारखाच छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असतो. आनंद विचाराल तर तो जास्त करून त्या छोट्यानेच दिलाय. तुमची अडचण लेन्सची आहे, पण ती वेगळ्या बाजूने.

तुमची १६-५० लेन्स कॅमेरा बंद केला की आत जाते आणि चालू केला की दर वेळी १६ वरच उघडते. आकडा जितका लहान तितका कोन रुंद. ए६४०० च्या सेन्सरवर १६ म्हणजे फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशोबाने २४. आता फोनचा मुख्य कॅमेरा बघा, तोही साधारण २४ ते २६ चाच असतो. म्हणजे घाईत कॅमेरा काढला, चालू केला आणि दाबलं, की कोन फोनचाच. सगळं मावतं, आभाळ, विजेच्या तारा, शेजारच्याची मोटारसायकल, आणि ज्याचा फोटो काढायचा तो माणूस मधोमध बोटाएवढा. वर फोन तोच फोटो स्वतःच उजळून, चमकवून देतो, कॅमेरा तसं करत नाही. मग फोटो फिकाच वाटणार.

म्हणून पुढचे काही दिवस एवढंच करा. कॅमेरा चालू केला की झूमची कळ दाबून लेन्स ३५ च्या आसपास न्या आणि मग कळ विसरून जा. फ्रेममध्ये जास्त हवं असेल तर मागे सरका, कमी हवं असेल तर पुढे. सुरुवातीला फार अडचण वाटेल, घरात तर भिंतीला पाठ लागेल. पण आठवड्याभरात डोळा तेवढाच तुकडा बघायला लागतो, आणि तिथेच फोनपेक्षा वेगळा फोटो सुरू होतो. हे जमतंय असं वाटलं तर पैसे तिथे घाला. सोनीची ई ३५ एफ १.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) फक्त १५४ ग्रॅमची आहे, आणि तिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरण्याची सोय आहे, जी तुमच्या कॅमेऱ्यात नाही. सिग्माची ३० एफ १.४ जास्त उजेड घेते, पण २६५ ग्रॅमची आहे आणि स्टॅबिलायझेशनही नाही. सोनीची २० एफ २.८ अवघी ६९ ग्रॅमची, खिशात मावणारी, पण ती परत रुंद कोनाकडे जाते. माझं मत ३५ ला, तीही चांगल्या माणसाकडून जुनी मिळाली तर उत्तम. ५५-२१० ही ३४५ ग्रॅमची आणि एफ ४.५-६.३ ची. उन्हात ठीक, ओसरीत आणि दुकानात अंधारी. शिवाय ती लावली की माणूस लांबून फोटो काढायला शिकतो, आणि रोजच्या फोटोत लांबून काढलेल्यातले बहुतेक कोरडेच निघतात.

आता कपाट. कॅमेरा बॅगेत, बॅग कपाटात, कपाटाला किल्ली, असं असेल तर तो फक्त सहलीलाच निघणार. गाडीची किल्ली ज्या खिळ्याला टांगता त्याच्या शेजारी कॅमेऱ्याला खिळा ठोका. लेन्ससकट तो जेमतेम अर्ध्या किलोचा आहे, बॅग लागतच नाही. मनगटाचा पट्टा लावा, बॅटरी रात्री फोनसोबत चार्जिंगला लावा. कंपनी एका चार्जमध्ये ३६० ते ४१० फोटो सांगते. रोजच्या वापराला तेवढं चिक्कार आहे, तरी एक जादा बॅटरी खिशात असावी, कारण उगीच चालू राहिलेला स्क्रीन ती फस्त करतो.

फक्त गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद डिकीत किंवा उभ्या कारमध्ये जे होतं, ते बॅटरीलाही सोसत नाही आणि लेन्सच्या आतल्या ग्रीसलाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या कॅमेऱ्यातली एक गोष्ट सांगतो जी खान्देशात सोन्यासारखी आहे, ती म्हणजे डोळा लावायची खिडकी, व्ह्यूफाइंडर. हल्लीच्या बऱ्याच छोट्या मिररलेसमध्ये ती नसते. सोनीच्या झेडव्ही-ई१० मध्ये नाही, निकॉन झेड३० मध्ये नाही. पुण्या-मुंबईच्या ढगाळ पावसाळ्यात चालून जात असेल, पण एप्रिलमध्ये आपल्या बाजारात दुपारी स्क्रीनवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही. फोनचंही तेच. तुम्ही डोळा लावला की बाहेरचं ऊन संपतं, आणि मिररलेस असल्यामुळे फोटो उजळ येणार की काळा, हे दाबायच्या आधीच दिसतं. स्क्रीनवर फोटो काढायची सवय असेल तर ती मोडा.

सेटिंगचं म्हणाल तर एकदा लावून विसरायचं आहे. डायल ए वर, म्हणजे लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवणार. एफ ५.६ ठेवा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदना, ऑटो, वरची मर्यादा ६४००. त्याच मेनूत ऑटो आयएसओसाठी शटरचा किमान वेग विचारतो, तिथे १/२५० द्या, कारण रोजच्या फोटोतली माणसं हलत असतात आणि हाताचं काम करणाऱ्यांचे हात तर जास्तच. फोकस सतत चालणारा, डोळ्याचा फोकस चालू. बीप बंद. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, आणि जेपेग दोन्ही. एवढं झालं की रोज हाताळायची एकच गोष्ट उरते, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ हवा की गडद ते अधिक-वजा करून सांगणं. ते अंगठ्याला न बघता सापडलं पाहिजे.

कारण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर बाबा आदमच्या काळापासून एकच समजून चालतो, की जगात सगळं मध्यम करडं आहे. आपल्याकडे तसं काही नाही. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी लागली असेल आणि तिने फ्रेम भरली, तर मीटर तिला करडी करतो. तिथे अधिक १ द्यायचं. उलट धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात, झरोक्यातून उजेडाचा पट्टा पडलाय आणि बाकी अंधार, तर मीटर अंधार उजळायला जातो आणि पट्टा पांढरा फटक होतो. तिथे वजा १, कधी वजा २.

नंदुरबारची मिरची हा याच्याही पुढचा पेच आहे. हिवाळ्यात पथारीवर एकरच्या एकर लाल मिरची पसरलेली असते, बायका रांगेने बसून निवडत असतात, आणि फोटोत मात्र लाल रंगाचा एक सपाट गोळा येतो, मिरची न् मिरची वेगळी दिसत नाही. कारण एकूण उजेड ठीक असला तरी एकट्या लाल रंगाची क्षमता संपून गेलेली असते. चालू स्क्रीनवरचा हिस्टोग्राम, म्हणजे आलेख, एकूण उजेडाचा असतो, तो काही बोलत नाही. फोटो काढून झाल्यावर प्लेबॅकमध्ये तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दिसतात, त्यातला लाल उजव्या कडेला चिकटलेला दिसेल. तो सुटेपर्यंत वजा करत जा. बाकीचं चित्र काळसर वाटलं तर ते रॉमधून नंतर वर आणता येतं. गेलेला लाल परत येत नाही. आणि पथारीवर लेन्स बदलू नका. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, आणि मिरचीची भुकटी तुम्हाला जेवढा ठसका देते तेवढीच सेन्सरलाही चिकटते. घरी एक रबरी ब्लोअर असू द्या. तोंडाने फुंकर कधीच नको.

उजेडाची वेळ. सगळे सांगतात की सकाळ-संध्याकाळ काढा, दुपार सोडा. हे मला फारसं पटत नाही. ज्याचा दिवस शाळेत जातो त्याला दुपारच मोकळी सापडते. चोपडा साधारण सव्वाएकवीस अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या काळात उघड्यावर चेहरा काढला तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात, हे खरं. पण तेच ऊन समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून उसळून ओट्यावर येतं तेव्हा तो उजेड स्टुडिओतल्या लाइटपेक्षा सरस असतो. माणूस ओट्याच्या सावलीत, तोंड रस्त्याकडे, समोर उन्हातली भिंत. एवढं जुळलं की दुपारी २ वाजताही चेहरा लख्ख येतो. दुकानाच्या ताडपत्रीखालीही तसंच, फक्त ताडपत्री निळी असेल तर माणूस आजारी दिसतो. केळीच्या बागेत तोच प्रकार हिरव्याचा. चेहऱ्यावर हिरवी झाक येते आणि रंग जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. तिथे माणसाला बागेच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला आणा.

"गावात आहे तरी काय" याचं उत्तर देण्याआधी चाळीसगावला जाऊन या. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १९१२ चा जन्म, आणि आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं त्यांनी त्या घराबाहेर पाऊल टाकलं नाही म्हटलं तरी चालेल. घरातल्या घरात, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांना उजेड देऊन त्यांनी फोटो काढले. टेबलटॉप फोटोग्राफी म्हटलं की आजही त्यांचं नाव निघतं. घराबाहेर पडू नका असं मी सांगत नाहीये. पण विषय संपले असं वाटलं की ते घर बघावं.

तुमच्यासाठी त्यातला सोपा भाग: खिडकीजवळ टेबल, मागे जुनी चादर, वर एक भरताचं वांगं. आपलं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, तेलकट चमकणारं वांगं फोटोला इतकं छान आहे की जांभळं त्याच्यापुढे काहीच नाही. खिडकी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा आणि कागद हळूहळू जवळ-लांब करत वांग्याची सावली कशी बदलते ते व्ह्यूफाइंडरमधून बघत राहा. रविवारची दुपार यात निघून जाते. आणि त्यातून जे कळतं ते दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलेल्या आबांच्या चेहऱ्यावर कामाला येतं.

घराघरातलं काम हा खान्देशातला सगळ्यात मोठा खजिना आहे, आणि तो फोटोत सगळ्यात कमी आलाय. उन्हाळ्यात गच्चीवर जुन्या धोतरावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड घालतात. कानबाई या देवीच्या सणाला रोट होतात. थंडीत शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजतात आणि भरीत पार्टी होते. ती दिवस मावळल्यावर वीसेक मिनिटांनी काढा, आभाळ निळं असतं आणि चेहरे जाळाने तांबडे झालेले असतात. वजा १ ठेवा, नाहीतर जाळाचा पांढरा गोळा होतो.

पण एकच काही निवडायला सांगितलं तर मी खापरावरची पुरणपोळी सांगेन. चूल, तिच्यावर उपडं खापर, आणि मावशी ती पोळी पोळपाटावर न लाटता हातावर फिरवत मोठी करतात. पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, आणि शेवटी दोन्ही हातांवर पदरासारखी पसरलेली ती पोळी इतकी पातळ होते की आतलं पुरण बाहेरून दिसतं. आता तुम्ही कुठे उभे आहात त्यावर सगळं आहे. बहुतेक जण दारात उभे राहतात, म्हणजे उजेड त्यांच्या पाठीमागून पोळीवर पडतो आणि पोळी पांढऱ्या फडक्यासारखी दिसते. आत जाऊन पलीकडच्या बाजूला बसा, खाली बसा, दार किंवा खिडकी पोळीच्या मागे येऊ द्या. उजेड पोळीतून आरपार येतो, पुरणाचे ठिपके दिसतात, मागे चुलीचा धूर उजळतो. अधिक एकच्या आसपास द्या, नाहीतर मावशींचा चेहरा काळा पडतो. १/२५० ला पोळी हवेत थांबते. मग डायल एस वर नेऊन, म्हणजे शटर तुम्ही ठरवून, ते १/३० वर आणा आणि काही फोटो काढा, हात धूसर होतात, चेहरा स्थिर राहतो. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो, पण त्यात दहातला एखादाच साधतो. रात्री एलईडी बल्बखाली काढणार असाल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि दुसऱ्या शटरला फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. सायलेंट शटर अशा वेळी बंदच ठेवा, पट्टे त्यात सगळ्यात जास्त येतात.

माणसांचं. मोठ्या कॅमेऱ्याकडे बघून लोक एकतर ताठ होतात नाहीतर "कोणत्या पेपरचे?" विचारतात. छोट्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचा फायदा चोरून काढायला घेऊ नका. आधी दोन शब्द बोला. बाजारात एखादा आबा म्हणेलच, "मना फोटू कसाले रे भो?" त्याला उत्तर देता आलं पाहिजे, आणि सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे पुढच्या बाजारी आणून दिलेली प्रिंट. ४ बाय ६ ची साधी प्रिंट पुरते. एकदा दिली की पुढच्या वेळी तोच आबा शेजारच्या गाड्यावाल्याकडे बोट करून तुम्हाला सांगतो, "यास्ना फोटू काढा". बायाबापड्यांना विचारल्याशिवाय नाही, आणि नको म्हटलं तर हसून पुढे जायचं. शाळेतल्या मुलांचे फोटो तर तुम्ही शिक्षक आहात म्हणून जास्तच जपून काढायचे. पालकांना माहीत असावं, आणि सोशल मीडियावर टाकूच नये.

सातपुड्यातल्या पाड्यांबद्दल एक स्पष्ट बोलतो. काठी गावची होळी आली की फोटोग्राफरांची गर्दी उसळते, आणि पावरा-भिल्ल माणसांसमोर लेन्सांची रांग लागते. तिथे रोजची फोटोग्राफी शिकता येत नाही. तुमच्या शाळेच्या वाटेवर जो पाडा असेल तिथे साध्या दिवशी, चहा घेत, ओळख काढत गेलात तर त्यातलं चार वर्षांनी काहीतरी उभं राहील.

पावसाळ्यात बुरशीची भीती सगळेच घालतात. आपल्याकडे कोकणाइतकी दमट हवा नाही, महागडी ड्राय कॅबिनेट घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या बास. आणि खरं सांगायचं तर रोज बाहेर निघणाऱ्या लेन्सला सहसा बुरशी धरत नाही, ती धरते कपाटातल्या लेन्सला.

उरलं काढलेल्या फोटोंचं काय करायचं. कार्डात हजारो साठले की बघायचा कंटाळा येतो, आणि बघायचा कंटाळा आला की काढायचाही येतो. रविवारी आठवड्याचे बघून बहुतेक पुसून टाका. महिन्याअखेरीस दहा-बारा राहिले तरी पुष्कळ. ते दोन ठिकाणी साठवा, आणि त्यातल्या तीन-चारांची प्रिंट काढून घरात कुठेतरी लावा, पुढच्या महिन्यात बदला. लाइक किती आले त्यावर निवड करू नका. लोकांना तोरणमाळचा यशवंत तलाव आवडतो, पण तुमच्या आईच्या हातातली सुपली फक्त तुम्हीच काढू शकता.

आणि ५५-२१० चं इतकंच मन असेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा कुणाकडून दोन दिवस उसनी घ्या. घोडा नाचवतात तिथे जवळ जाणं धोक्याचं, ती लेन्स तिथे उपयोगी पडते. शटर १/१००० ठेवा, धूळ फार असते म्हणून लेन्स घरूनच लावून निघा. परत आल्यावर तिने काढलेले आणि ३५ ने काढलेले फोटो शेजारी ठेवून बघा, मग घ्यायची की नाही ते ठरवा.